साठ काड्या आणि बटाट्याचं सॅलड

१४ जून, शनिवार
७१ अंश फॅरनहाइट. वारा पश्चिमेचा. डास मुबलक.

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाची यादी आज चर्चच्या तळघरात लागली. एकोणतीस वर्षं त्या यादीत ‘बटाट्याचं सॅलड’ या ओळीसमोर एकच नाव असायचं: आर्डिस क्वामे. आज तिथे लिहिलं होतं, ‘दुकानातून आणणार’. आणि मी कुठे, तर पार तळाशी, कागदी बशा आणि बर्फ यांच्या जरा वर. ‘आर्डिस – फळांच्या काड्या, लाल-पांढऱ्या-निळ्या, नग साठ.’

आधी वाटलं, चष्मा चुकीचा लावलाय. काढून पुसला, परत वाचलं. तेच होतं.

आमच्या या तळ्याकाठी पदार्थ बाईच्या नावाने ओळखला जातो आणि बाई मरेपर्यंत तो तिचाच असतो. हेल्गा गेली तेव्हा तिच्या गोड्या घेवड्याचं पुढे काय, हे तिला पुरून आल्यावर कॉफी पिताना ठरलं. त्याआधी कुणी तोंड उघडलं नाही. मी तर अजून चालते-फिरते आहे, गवतसुद्धा स्वतः कापते. म्हणजे या लोकांनी मला जिवंतपणीच पुरलं.

हा उद्योग ब्रिनचा. इतकी वर्षं यादी करणाऱ्या मार्लिसचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जेवणाची सगळी सूत्रं या चाळिशीतल्या पोरीकडे गेली आहेत. मला बघून हसत आली. म्हणाली, “आर्डिस, तुम्ही इतकी वर्षं ते जड पातेलं उचलताय. यंदा म्हटलं, तुम्हाला काहीतरी हलकं द्यावं.”

मी म्हटलं, “हो हो, चालेल की.” इथे दुसरं काही म्हणायची पद्धत नाही. घरी येऊन मात्र पातेली अशी आपटली की शेजारच्या ऑर्लिनचा कुत्रा भुंकायला लागला.

१७ जून, मंगळवार
६८. दिवसभर रिपरिप.

ब्रिनने पत्रपेटीत मासिकातलं कात्रण टाकून ठेवलंय. मोठ्या ट्रेवर काड्या ओळीने मांडून देशाचा झेंडा केलाय. डाव्या कोपऱ्यात ब्लूबेरी, बाकी एक आड एक स्ट्रॉबेरी आणि मार्शमेलो. वर हिने पेनाने हसरा चेहरा काढलाय.

बघूनच अंगावर काटा आला. मार्शमेलो ही वस्तू खायची आहे असं मला कधी वाटलंच नाही. बोटाने दाबलं की आत जातं आणि हळूच परत वर येतं, पाय सुजलेल्या माणसाची पोटरी दाबावी तसं. शाळेच्या स्वयंपाकघरात मी चौतीस वर्षं रोज चारशे पोरांना जेवू घातलं, पण हा साखरेचा चिकट गोळा कुणाच्या ताटात पडू दिला नाही. आणि फळ टोचून खायचं कारण काय? माणसाला देवाने दोन हात दिलेत. काडीवर फळं म्हणजे ज्याला सुरी धरता येत नाही आणि चूल पेटवता येत नाही त्याला देतात ते काम. बालवाडीतल्या पोरांना देतात.

१९ जून, गुरुवार
७९. अखेर ऊन पडलं.

केलं काम तर नीट करायचं, हा माझा स्वभाव. लाल म्हणजे स्ट्रॉबेरी, निळी ब्लूबेरी, यात वाद नाही. अडतंय ते पांढऱ्यावर. आज चार प्रकार करून पाहिले.

केळं: वीस मिनिटांत तपकिरी. लिंबू लावलं तर चाळीस मिनिटांत, पण मग ते काडीवरून असं घसरतं की बघवत नाही. सफरचंद: तासाभरात गंजतं. पांढरा केक: स्ट्रॉबेरीचा रस पिऊन गुलाबी होतो, जखमेवरच्या कापसासारखा. उरला मार्शमेलो. तो हलत नाही, रंग सोडत नाही, नासतही नाही. ज्याला माशीसुद्धा शिवत नाही ते आपण माणसांना वाढणार. शिसारी आली, पण तोच घ्यावा लागणार.

तीन वाजता ऑर्लिन कॉफीला आला. रोज येतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, वय एकोणऐंशी, बोलणं दिवसाला वीस शब्द. चारही काड्या त्याने मुकाट खाल्ल्या. मग कॉफीत घालायला दुधाची बाटली उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली आणि कॉफी काळीच प्यायला. “दूध जरा वेगळं आहे,” म्हणाला.

मी म्हटलं, दुकानदाराने नवीन डेअरीचं ठेवलंय, असेल वेगळं. माझ्या कॉफीत ओतलं, मला काही फरक कळला नाही. तसंही गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून कॉफीत काही अर्थ राहिलेला नाही. चार ब्रँड बदलून झाले. सगळे लाकडाचा भुसा विकतात.

आता ‘वेगळं’ या शब्दाचं काय, तर आमच्याकडे कुणाच्या पदार्थाला वाईट म्हणत नाहीत. मार्लिस गाजर घातलेली हिरवी जेली वीस वर्षं आणतेय आणि वीस वर्षं आम्ही म्हणतोय, “मार्लिस, काहीतरी वेगळंच असतं हो तुझं.” बिचारी खूश होऊन दरवर्षी आणते. एखाद्याने पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर एवढी गाजरं वाचली असती.

२२ जून, रविवार
८४. दमट.

जनेल आली होती. मुलगी म्हणून प्रेम आहे, पण घरात पाऊल टाकलं की ती तपासनीस होते. आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. म्हणाली, “आई, ओसरीखाली स्कंक मेलाय का?” मी म्हटलं, असेल तर असेल, त्या घाणेरड्या वासाच्या जनावराचं मला तर काही जाणवलं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडी. मग फ्रिज उघडून एकेक डबा नाकाशी नेत कचऱ्यात टाकायला सुरुवात केली. चांगलं हॅम टाकलं, विकतची आंबवलेली साय टाकली. वरून बघावं तर दोन्ही व्यवस्थित होती. मी चौतीस वर्षं सरकारी स्वयंपाकघर चालवलं आणि ही बँकेत खुर्चीवर बसणारी मला अन्न शिकवणार.

मागच्या ओसरीवरचा तिच्या बापाचा जुना फ्रिज तिने उघडला मात्र आणि धाडकन लावला. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. डेल्मरला जाऊन दोन वर्षं झाली, अजून तिला त्याच्या वस्तू बघवत नाहीत. मनाने हळवी आहे.

भांडी पुसता पुसता म्हणाली, “आई, गेल्या वर्षीच्या जेवणाचं…” आणि थांबली. मी म्हटलं, काय गेल्या वर्षीचं? ती म्हणाली, काही नाही, हवा छान होती. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावून गेली. माझा घसा ठणठणीत आहे.

२५ जून, बुधवार
७७.

जनेलने विषय काढलाच आहे, तर एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

गेल्या वर्षी चार जुलैच्या रात्री तळ्याकाठची अकरा माणसं आजारी पडली. उलट्या आणि बाकीचं. ऑर्लिनला तर दोन रात्री हॉस्पिटलात काढाव्या लागल्या. त्याला विचारलं तर म्हणाला, वय झालं. कारण सरळ आहे: ब्रिनने कोळंबी आणली होती. समुद्र इथून हजार मैल, आणि ही बाई भर उन्हात कोळंबी मांडून बसते. तिच्या घरातल्या कुणाला काही झालं नाही हे खरं, पण तरुण पोटं दगड पचवतात. बोटीवरची सहा माणसं उशिरा आली, त्यांनाही काही झालं नाही. त्यांनी कोळंबी खाल्ली होती, पण तोवर ती चांगली गार झाली असणार. माझं सॅलड त्यांना मिळालंच नाही, संपलं होतं. पोट माझंही बिघडलं होतं, पण ते आदल्या दिवसापासून जड होतंच.

मी कोळंबीबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. मार्लिसपाशी फक्त एकदा म्हटलं असेन. आणि मला कुणी एका शब्दाने काही विचारलं नाही. यावरूनच काय ते समजतं.

आता ब्रिनने आपलं झाकायला मला बाजूला केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. हे मी चालू देणार नाही.

२८ जून, शनिवार
७५. सकाळी धुकं.

मार्लिसबरोबर स्ट्रॉबेरी तोडायला मळ्यावर गेले. मळेवाला बादल्या देतो, आपण वाकून तोडायच्या. मार्लिसचा गुडघा वाकत नाही, त्यामुळे वाकायचं काम माझं आणि बोलायचं तिचं. बादलीत तोंड खुपसून म्हणाली, “अहाहा, हा वास घे, आर्डिस.” मी वाकून घेतला आणि म्हटलं, हो, छान आहे. खरं म्हणजे कसला वास आणि कसलं काय. हल्लीच्या स्ट्रॉबेरीत दम नाही. नुसता रंग. बटाट्यात नाही, कांद्यात नाही, शेपूत नाही. खतं मारून मारून सगळ्याची माती केली.

परत येताना गाडीत मी सरळ विचारलं, माझं नाव बदलायचं कुणी ठरवलं? मार्लिसने खिडकीबाहेर बघून मक्याचं पीक यंदा बरं दिसतंय असं सांगितलं. मी परत विचारलं. तिने कानातलं यंत्र बोटाने हलवलं आणि म्हणाली, याची बॅटरी गेली वाटतं. पन्नास वर्षांची मैत्रीण.

स्टिअरिंग धरूनच ठरवलं: काड्या नेणार, अगदी साठच्या साठ, आणि बरोबर माझं पातेलंही नेणार. कुणाची हिंमत आहे बघू नको म्हणायची.

१ जुलै, मंगळवार
८८. पत्रा तापतोय.

पंधरा पौंड बटाटे, तीन डझन अंडी, मेयोनीजच्या दोन मोठ्या बरण्या. दुकानात ब्रिन भेटली. माझ्या ढकलगाडीतल्या बटाट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “घरी पाहुणे येणार वाटतं?” मी म्हटलं, हो. तिने ओठ उघडले, मिटले आणि म्हणाली, “फारच गरम होतंय ना.” मी म्हटलं, हो, फारच. एवढं बोलून आम्ही दोघी हसलो आणि आपापल्या रांगेला लागलो.

३ जुलै, गुरुवार
९१. वाऱ्याचं नाव नाही.

पहाटे पाचला उठून बटाटे लावले. सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलायचे, त्यावरच व्हिनेगर शिंपडायचं, गार झाल्याशिवाय मेयोनीजला हात लावायचा नाही. ही माझ्या सासूची पद्धत. मोहरीची पेस्ट, शेपू, कांदा, वर अंड्याच्या चकत्या आणि लाल तिखटाची चिमूट. चाखून पाहिलं: मीठ कळलं, आंबट कळलं. बाकी तोंडात नुसता मऊ लगदा. कांदे आणखी दोन घातले, मोहरी दुप्पट केली. या बटाट्यांना कितीही करा, ते आपले ढिम्म.

आतला फ्रिज फळांनी भरलेला, म्हणून पातेलं ओसरीवरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, दरवर्षी ठेवते तसं. त्याचा दिवा गेलाय आणि हल्ली तो जरा घरघरतो, पण चालतो. मागच्या कप्प्यात डेल्मरचा गळाच्या आमिषाचा डबा अजून आहे. शेवटच्या रविवारी मासे धरायला गेला होता, परत आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने तिथे ठेवलेला. फेकवत नाही. तो डबा आणि माझं पातेलं शेजारी शेजारी बघून बरं वाटलं.

मग दुपारभर काड्या. हे लिहिताना बोटं एकमेकांना चिकटतायत. स्ट्रॉबेरीचे देठ काढून एका मापाच्या निवडल्या. मोठ्या बाजूला, वाकड्या बाजूला. ब्लूबेरी काडीला सात, कारण सहा रोडकी दिसते आणि आठ झाल्या की शेवटची फुटते. मार्शमेलो टोचण्याआधी काडी दर वेळी पाण्यात बुडवायची, नाहीतर तो काडीला धरून फाटतो. हे मला कुणी शिकवलं नाही, अकराव्या काडीला समजलं. विसाव्या काडीनंतर ते पांढरे गोळे बोटांना ओले, कोमट लागायला लागले आणि मी एकदा मोरीपाशी जाऊन उभी राहिले. काही झालं नाही. परत येऊन बसले.

साठ झाल्या. मोजून साठ, ट्रेवर झेंडा मांडला, पट्ट्या दोरी लावून सरळ केल्या. दिसतोय मात्र नीट. असल्या कामाला नीट म्हणण्यात काही अर्थ नाही, पण दिसतोय.

४ जुलै, शुक्रवार
९३.

आज काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मी त्यातलं सोयीचं तेवढंच ठेवीन.

अकराला उद्यानात पोचले. ट्रे ठेवला. लोक जमले, फोटो काढले, मार्लिस म्हणाली, झेंडा बघून रडू येतं. मग मी गाडीतून पातेलं आणलं आणि दुकानातल्या सॅलडचा प्लास्टिकचा डबा सरकवून बरोबर मधोमध ठेवलं. वरचं कापड काढलं.

ब्रिन चिमटा हातात धरून उभी होती. दोन पावलं आली, थांबली. मी तिच्याकडे बघून म्हटलं, “थोडं उरलं होतं घरी, म्हटलं घेऊन यावं.” पंधरा पौंड. ती म्हणाली, “हो का, वा.” आणि चर्चच्या पाळकांनी प्रार्थना सुरू केली.

प्रार्थनेनंतर रांग लागली. मी पातेल्यामागे डाव घेऊन उभी राहिले आणि नाकावर टिच्चून वाढत गेले. एकाही माणसाने नाही म्हटलं नाही. प्रत्येकाने ताट पुढे केलं. मार्लिसने केलं, पाळकांनी केलं, ब्रिननेही केलं. गेल्या वर्षी आजारी पडलेल्या अकराच्या अकरांनी केलं. ऑर्लिन म्हणाला, “दोन डाव.” मी त्याच्या ताटात तीन घातले. तासाभरात पातेल्याचा तळ दिसायला लागला. माझी छाती कशी भरून आली होती काय सांगू. मनात म्हटलं, बघ ब्रिन, बघ.

मक्याची कणसं खाऊन झाली, कुणीतरी बुरखुंडं टाकायला हवी होती, मी उठले. झाडामागे कचऱ्याचं पिंप आहे. झाकण उचललं.

कागदी ताटं होती. एकावर एक, चाळीस-पन्नास. प्रत्येकावर हाताच्या रुमालाएवढा कागद नीट पसरलेला, मेलेल्या माणसावर चादर घालतात तसा. एक कागद उचलला. खाली माझं सॅलड, जसं वाढलं तसंच. वरची अंड्याची चकती हललेली नव्हती, तिखटाची चिमूटसुद्धा जागच्या जागी. दुसरा उचलला. तिसरा. कणसं खाल्लेली, मांस खाल्लेलं, ताट पुसून काढलेलं, आणि एका बाजूला तो पिवळा ढीग, काटा न लावलेला. माश्या घोंघावत होत्या. शेजारी उघड्या काड्या पडल्या होत्या, साठच्या साठ असाव्यात. त्यांवर मार्शमेलोचा कणही उरला नव्हता.

मी एक ताट उचलून नाकाशी नेलं. जोरात हुंगलं. अगदी जवळ नेलं, मेयोनीज नाकाला लागलं. काहीच नाही. पाण्याचा पेला हुंगावा तसं. मग पिंपात वाकले, भर उन्हातल्या, माश्यांनी भरलेल्या पिंपात, आणि तिथेही काही नव्हतं. त्या क्षणी जी किळस आली ती मार्शमेलोची नव्हती. ती माझीच मला आली.

मागे वळले तर पलीकडच्या बाकावर ऑर्लिन एकटा बसला होता, ताट मांडीवर. आणि त्याचा काटा चालला होता. सावकाश, मान खाली घालून. मी पळतच गेले. अशी पळाले नव्हते दहा वर्षांत.

“ऑर्लिन, ते खाली ठेव.”

“संपवतोय.”

“गेल्या वर्षी दोन रात्री हॉस्पिटलात होतास, ते कशाने?”

त्याने तळ्याकडे पाहिलं. “झालं गेलं ते.”

“कोळंबीने?”

“मी कोळंबी खात नाही, आर्डिस. माझ्या अंगावर उठते.”

हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. त्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्याच्यासाठी वेगळं ताट मीच केलं होतं.

“मग आज कशाला खातोयस?”

त्याने काटा ताटाच्या कडेला टेकवला. मग म्हणाला, “तू बघत होतीस.”

मी ताट हिसकावलं. सॅलड त्याच्या पँटवर सांडलं, माझ्या बुटांवर सांडलं. सगळं उद्यान आमच्याकडे बघत होतं. मी बघितलं तसे सगळे तळ्याकडे बघायला लागले. एवढी माणसं, आणि एकाच्या तोंडून शब्द नाही. पातेलं उचलून मी घरी आले. मला चीड आली आहे. कुणाची ते नीट सांगता येत नाही. माझी आहे, पण त्यांचीही आहे. एक वर्ष. वर्षभर मी त्यांच्यात वावरले, कोळंबीच्या गोष्टी केल्या, आणि त्या सगळ्यांना माहीत होतं. सभ्यपणाचीही किळस येऊ शकते हे मला आज कळलं.

५ जुलै, शनिवार
८६.

सकाळी सातला ऑर्लिनकडे गेले. तो दाराशी उभा, पोट ठीक. चार घास खाल्ले होते म्हणे. खाली बसले आणि पहिल्यांदा रडले.

घरी येऊन स्वयंपाकघरात एकेक वस्तू हुंगली. कॉफी, व्हिनेगर, कांदा, साबण. शेवटी डेल्मरचा कोट कपाटातून काढला. दोन वर्षं मी तो रोज नाकाशी धरते आणि म्हणते, अजून त्याचा वास आहे. नाहीये. तापापासून नसणारच. आठवणीनेच येत होता.

जनेलने भिंतीला लावलेली चिठ्ठी वाचली. सोमवारी फोन करेन. तिलाही फोन केला. मी म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, “आई, कसं सांगायचं ते समजत नव्हतं.” मी म्हटलं, तोंडाने सांगायचं. त्यानंतर बराच वेळ फोन तिनेही ठेवला नाही आणि मीही नाही.

दुपारी ब्रिन ट्रे परत द्यायला आली. पायरीवरच उभी. काड्या पंधरा मिनिटांत संपल्या, पोरं भांडली, असं म्हणाली. मग तिचा चेहरा लाल झाला. “आर्डिस, मी तेव्हाच स्पष्ट बोलायला हवं होतं.” मी म्हटलं, हो, बोलायला हवं होतं. मीही तुझ्या कोळंबीला उगाच नावं ठेवली, एकदा नाही, बऱ्याचदा. ती म्हणाली, “माहीत आहे, मार्लिसने सांगितलं होतं.” म्हणजे मार्लिसची बॅटरी पाहिजे तेव्हा चालते.

६ जुलै, रविवार
७४. हवा हलकी झाली.

चर्चला गेले नाही. ऑर्लिनला बोलावलं होतं, फ्रिज दाखवायला. त्याला टेबलापाशी बसवलं आणि आधीच बजावलं: माझ्याकडे नाक राहिलेलं नाही, तेव्हा आजपासून तुझं वापरणार. एकच अट. ‘वेगळं’ म्हणायचं नाही. ‘जरा निराळं’ नाही, ‘काही जणांना आवडेल’ नाही. चांगलं असेल तर चांगलं, नाहीतर काय असेल ते.

बिचाऱ्याला घाम फुटला. दूध हुंगलं आणि तळ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, तळं तिकडे आहे, दूध इकडे. तो म्हणाला, “चांगलं नाही.” ओतलं. चीज चांगलं. काड्या करताना बाजूला काढलेल्या वाकड्या स्ट्रॉबेरी होत्या, त्या चांगल्या. मार्शमेलोचं उरलेलं पाकीट हुंगून म्हणाला, याला कसलाच वास नाही. म्हटलं, मग तिथे आपण दोघे सारखे.

मग ओसरीवर गेलो. जुना फ्रिज उघडल्याबरोबर ऑर्लिन दोन पावलं मागे सरला आणि त्याने खांब धरला. जनेलच्या डोळ्यांत आलं होतं तसंच पाणी त्याच्याही डोळ्यांत आलं. कप्प्याला हात लावला तर कोमट. मी मागून डेल्मरचा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उघडलं. डेल्मरने आमिषाला घेतलेल्या जळवा, दोन वर्षांच्या. आत आता त्यांचं काळं पाणी होतं, वर बुरशीची साय. माझं पातेलं एकोणतीस वर्षं या फ्रिजमध्ये, आणि शेवटची दोन वर्षं याच्या शेजारी.

ऑर्लिनचे कान लाल झाले. ओठ हलत होते. डेल्मर त्याचा जिवलग होता, दोघे एकाच बोटीत तीस वर्षं बसले. आणि ऑर्लिन माणूस असा, की ज्याने जन्मात कुणाच्या घरच्या भाकरीलासुद्धा कडक म्हटलं नाही.

“काय आहे?” मी विचारलं.

त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“घाण,” तो म्हणाला. “आर्डिस, भयंकर घाण आहे.”

एवढं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मी फावडं आणलं, आणि डबा आम्ही दोघांनी तळ्यापासून लांब, सफरचंदाच्या झाडाखाली खोल पुरला.

पुढच्या वर्षी ब्रिनला सांगायचं, साठ काड्या पुरत नाहीत, ऐंशी करू. ब्लूबेरी मात्र सातच.